ओवाळणी

‘कुटुंब’ या शब्दाचे आमच्या आजोबांच्या पिढीत दोन अर्थ होत असत. एखादे गृहस्थ ‘आमचे कुटुंब माहेरी गेले आहे’ असे म्हणाले, तर ते पत्नीविषयी बोलत आहेत हे ऐकणारास समजे. आणि ‘आमचे कुटुंब मोठे’ असे म्हणाले, तर वारावर जेवणाऱ्या विद्यार्थ्यापासून विधवा आत्येपर्यंत पंगतीला बसणारी सर्व माणसे त्यात येत. हे दोन्ही अर्थ एका शब्दात सुखाने नांदत होते, कारण त्यांतील कोणता खरा धरावयाचा यावर कोणाचा एक पैसाही अवलंबून नव्हता. २०२४ साली मात्र तसा प्रसंग आला, आणि तो आमच्याच घरात आला.

नागपुरात महाल भागात वडिलांनी बांधलेल्या घरात आम्ही राहतो. खाली रस्त्याच्या बाजूस दोन गाळे आहेत, ते भाड्याने दिलेले. वर आम्ही दोघे भाऊ, आमच्या मंडळी, मुले, सुना आणि आमची धाकटी बहीण. घरातील मुले तिला आत्या म्हणतात. मुलांच्या तोंडचे ते नाव पुढे सर्वांच्याच तोंडी बसले. १९९६ साली तिचे यजमान अकस्मात वारले. मूलबाळ नव्हते, सासरी थारा देणारे कोणी उरले नव्हते. ती माहेरी आली ती कायमचीच. तेव्हापासून आमच्या घरात स्वयंपाकघर एक, देवघर एक आणि शिधापत्रिकाही एकच.

२८ जून २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना’ जाहीर केली. स्त्रीच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये जमा व्हावयाचे. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता व निराधार स्त्रिया पात्र. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. घरात प्राप्तिकर भरणारा, सरकारी नोकर अथवा पेन्शनर नसावा. ट्रॅक्टर सोडून चारचाकी वाहन नसावे. हे नियम लोकांनी नीट वाचण्यापूर्वीच आठवडाभरात बदलले. वयाची मर्यादा साठ होती ती पासष्ट झाली. पाच एकर जमिनीची अट निघाली. घरातील एका अविवाहित स्त्रीलाही मुभा मिळाली. अर्जाची मुदत १५ जुलैची ३१ ऑगस्ट झाली. तेव्हा ज्याने पहिल्या दिवशीचे वर्तमानपत्र वाचले तो एक सांगे, आणि ज्याने आठव्या दिवशीचे वाचले तो दुसरेच सांगे. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते.

आमच्या घरी हा विषय रात्रीच्या जेवणाच्या वेळी निघाला. मी स्वतः सरकारी पेन्शनर, पुतण्याच्या नावे मोटार. तेव्हा आपला याच्याशी संबंध नाही, असे म्हणून मी पानावरून उठणार होतो. इतक्यात धाकटी सून म्हणाली, “पण मामंजी, आत्यांचे काय?”

पुतण्याने सरकारी निर्णयच वाचून दाखविला. त्यात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले, एवढेच म्हटले होते. भाऊ त्यात नव्हता, भावजय नव्हती. त्या अक्षरांप्रमाणे पाहता आमची आत्या आमच्या कुटुंबातील नव्हेच. तिचे कुटुंब म्हणजे ती एकटी! आणि त्या एकटीचे उत्पन्न शून्य.

माझ्या धाकट्या भावास हे मुळीच रुचले नाही. “आपल्या घरात तिला काय कमी आहे, म्हणून तिने सरकारपुढे हात पसरावा? लोक काय म्हणतील?” तो म्हणाला. खरे सांगावयाचे तर माझ्याही मनात तेच होते. मी फक्त ते बोललो नाही. आत्या तेव्हा ताक वाढीत होती. ती हातातील भांडे खाली ठेवून शांतपणे म्हणाली, “कमी काहीच नाही, दादा. पण माझे असे काय आहे?”

त्यावर कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ती पुतण्यास घेऊन दाखल्यासाठी गेली.

पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्यांस उत्पन्नाचा दाखला लागत नसे. आमची पांढरी, म्हणून तिला तो काढणे प्राप्त झाले. कचेरीतील कारकुनाने विचारले, “राहता कोणाकडे?” ती म्हणाली, “भावाकडे.” “भाऊ काय करतात?” “पेन्शनर आहेत.” कारकून म्हणाला, मग हे बसत नाही. शेजारच्या मेजावरचा म्हणाला, बसते; भाऊ कुटुंबात मोडत नाही. दोघांचा वाद अर्धा तास चालला आणि ही बिचारी पदर सावरीत मधे उभी. अखेर दाखला मिळाला. अर्जही मंजूर झाला.

ऑगस्टच्या मध्यास, रक्षाबंधनापूर्वी, दोन महिन्यांचे तीन हजार रुपये तिच्या खात्यात जमा झाले. १९ ऑगस्टला तिने नेहमीप्रमाणे आम्हा दोघांना ओवाळले. मी दरवर्षी तबकात पाचशे रुपये ठेवीत असे. त्याही वर्षी ठेवले. तिने ती नोट उचलून माझ्याच हातात परत दिली आणि हसून म्हणाली, “यंदा राहू दे, दादा. माझे आले आहेत.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. मी उलट काही बोलू शकलो असतो. सरकारने लक्षावधी स्त्रियांना एका लेखणीने बहीण म्हटले, त्याची मी मित्रमंडळींत थट्टा केली होती. पण ज्याने सख्ख्या बहिणीस अठ्ठावीस वर्षांत वर्षाकाठी एका नोटेपलीकडे स्वतंत्र असे काही दिले नव्हते, त्या भावास ती थट्टा शोभली काय, हा प्रश्न त्या दिवशी प्रथमच मनात आला.

ह्याच सुमारास माझ्या हातून एक चूक झाली. आमच्याकडे पूर्वी धुणेभांडी करणारी एक विधवा बाई दृष्टी अधू झाल्यामुळे घरी बसली होती. तिला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे दीड हजार मिळत. तिने मला विचारले, “भाऊ, हाही फॉर्म भरू का?” मी सुशिक्षित, सरकारी कागद वाचण्यात जन्म गेलेला, मी बेधडक सांगितले, “ती योजना वेगळी, ही वेगळी. भर.” दुसऱ्या एखाद्या सरकारी योजनेतून दीड हजार किंवा अधिक मिळत असतील तर स्त्री अपात्र, ही ओळ त्याच कागदावर होती. मी ती वाचली नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच लाख स्त्रिया अपात्र ठरल्याचे सरकारने जाहीर केले; त्यांत दोन लाख तीस हजार निराधार योजनेच्या होत्या, एक लाख दहा हजार पासष्टी ओलांडलेल्या. आमच्या बाईचे पैसे थांबले. थांबले याचे तिला दुःख नव्हते. घेतलेले परत मागतील, या भीतीने ती चार दिवस जेवली नाही. आधी दिलेली रक्कम परत घेणार नाही असे मंत्र्यांनी सांगितल्याचे मी तिला वाचून दाखविले, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. “तुम्ही सांगितलं म्हणून भरला,” एवढेच ती म्हणाली. तिने मला दोष दिला नाही. तो मीच मला देत आहे.

मदतीस पात्र कोण, हा प्रश्न काही आजचा नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत आपला मध्यप्रांत होरपळून निघाला. १८८० च्या दुष्काळ कमिशनच्या शिफारशींवरून तयार झालेल्या सरकारी नियमांत त्या वेळी पात्रतेची कसोटी ठरलेली होती: जो खडी फोडावयास येईल तो खरा भुकेला. कामावर येऊ न शकणाऱ्या वृद्ध, अंध व पंगू माणसांस फुकट शिधा मिळे. आणि त्यांच्याच जोडीला रूढीमुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्या पडदानशीन स्त्रियांची गणना केलेली होती. त्या नियमांची कठोरता सर्वश्रुत आहे. तरीही घर शाबूत असून त्यातील स्त्री उपाशी असू शकते, एवढे त्या परक्या सरकारासही कळले होते. तेव्हाची कसोटी खडीची होती, आताची कागदाची आहे; पण उंबऱ्याच्या आत नेमके कोणाच्या हाती काय आहे, हे तेव्हाही बाहेरून दिसत नव्हते आणि आताही दिसत नाही.

त्याच फेब्रुवारीत ज्या घरांत मोटार आहे त्यांची चौकशी सुरू झाली. आमच्याकडेही अंगणवाडीच्या सेविका आल्या. मोटार पुतण्याची, पण शिधापत्रिका एक, पत्ता एक. आता आत्या पात्र की अपात्र, हे त्यांनाही निश्चित सांगता येईना. “एकत्र राहता की विभक्त, एवढे लिहून द्या,” त्या म्हणाल्या. शेजारच्या वहिनी तेथेच होत्या. त्यांनी आत्याला बाजूस घेऊन युक्ती सुचविली, “चूल वेगळी आहे म्हणून सांगा ना! कोण पाहावयास येते?”

मला ती युक्ती वाईट वाटली नाही, हे कबूल केले पाहिजे. मी आत्याकडे पाहिले. ती म्हणाली, “दीड हजारासाठी मी चूल वेगळी सांगायची नाही. अठ्ठावीस वर्षे त्याच चुलीवर रांधते आहे.” आणि ‘हा लाभ मी स्वेच्छेने सोडीत आहे’ असा अर्ज तिने स्वहस्ते लिहून दिला. त्या दिवसांत बऱ्याच स्त्रियांनी असे अर्ज दिले होते. कोणी भीतीने, कोणी प्रामाणिकपणाने. आमच्या आत्येने तो का दिला, हे तिच्या त्या एका वाक्यात आले.

तो अर्ज देताना तिला आपल्या नावाचा एक जुना पुरावा हवा होता. म्हणून मी वडिलांच्या कपाटातील कागद काढले. त्यात २००१ सालचे एक हक्कसोडपत्र हाती लागले. वडील त्या वर्षी गेले. घर त्यांनी स्वतःच्या कमाईने बांधलेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यात मुलीचा वाटा मुलांइतकाच. पण बहिणीने हक्क सोडावा ही आपल्याकडील चाल. मी कागद तयार करवून आणला, ‘येथे सही कर’ म्हटले, आणि तिने न वाचता सही केली. ‘स्वखुशीने व कोणताही मोबदला न घेता’ असे त्यात लिहिले आहे. मोबदला आम्ही खरोखरच दिला नव्हता. स्वखुशीविषयी मात्र तिला कोणी विचारले नव्हते.

तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. तिचे उत्पन्न शून्य असल्याचा दाखला कचेरीने २०२४ साली दिला. पण ते शून्य आम्ही भावांनी २००१ सालीच लिहून ठेवले होते. आत्या योजनेस पात्र की अपात्र, या प्रश्नावर आम्ही आठ महिने डोके खपविले. ती पात्र ठरण्याजोगी झाली कशी, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही.

धाकट्या भावाशी बोलण्यास मला थोडे धैर्य करावे लागले. पण तो माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर वळला. गुढीपाडव्यापासून खालच्या एका गाळ्याचे भाडे थेट आत्येच्या खात्यात जमा व्हावे असे ठरले. वाट्याचा कागदही वकिलाकडून नव्याने करून घेतला. तो तिच्यापुढे ठेवला तेव्हा या खेपेस तिने चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचला. मग माझ्याकडे पाहून विचारले, “दादा, याला वयाची काही अट आहे का? पासष्ट झाल्यावर थांबेल?” आणि सही करण्यापूर्वी आम्ही सर्वच हसलो. माझे हसणे मात्र पुरतेपणी बाहेर पडले नाही.

पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने योजनेतील स्त्रियांची ओळख नव्याने पटवून घ्यावयाचे ठरविले. त्यात स्वतःबरोबर पतीचे अथवा वडिलांचे आधार मागितले गेले. ज्यांचे दोघेही हयात नाहीत अशा स्त्रियांची तारांबळ उडाली. नंतर मुदत वाढली आणि मृत्यूचा दाखला देण्याची सोय झाली. आमच्या गल्लीतील दोघी-तिघी तेव्हा माझ्याकडे कागद वाचून घेण्यास येत. आता मी प्रत्येक ओळ दोनदा वाचतो, आणि जेथे कळत नाही तेथे ‘मला कळत नाही’ असे सांगतो.

सरकारचे नियम सुबोध असावेत, ते आठवड्यास बदलू नयेत, गरजवंतास दाराशी ताटकळावे लागू नये, हे सर्व खरेच आहे आणि त्याची मागणी आपण केलीच पाहिजे. पण वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी आत्या, मावशी किंवा काकू असते. तिला काय कमी आहे, असे म्हणण्यापूर्वी कपाटातील जुने कागद एकदा काढून पाहावे. तिची सही कोठे सापडते, ते पाहावे. आणि सही करताना तिच्या डोळ्यांवर चष्मा होता का, तेही आठवून पाहावे.