ययाति आणि कारभारीण

दहावीनंतर वडिलांनी मला औतावर घेतलं. शाळा सुटली, पण पुस्तकाचा नाद सुटला नाही. कळंबच्या बाजाराला गेलो की वाचनालयातून एखादी कादंबरी आणायचो. वि. स. खांडेकरांची 'ययाति' अशीच आणली. १९५९ सालचं पुस्तक. मराठीला पहिलं ज्ञानपीठ, १९७४ सालचं, तिच्यामुळंच आलं. ज्वारीची पाखरं राखायला माळ्यावर बसायचं, हातात गोफण अन् मांडीवर ययाति. त्या वयात राजाचे रंगढंग तेवढे चवीनं वाचले. तोवर पाखरांनी कणसं मोकळी केली अन् वडिलांनी माझी पाठ.

२०१५ ला पाऊस दडी मारून बसला. रानात काम नव्हतं, म्हणून ययाति पुन्हा आणली. कारभारणीला वाचता येत नाही. रोज रात्री तिला थोडी थोडी वाचून दाखवायचो, ती वाती वळत ऐकायची.

राजाला तिनं दोन रात्रीत निकालात काढलं. "बाई दिसली की ह्येचं चित्त गेलं. असल्याला राज्य कुणी दिलं?" देवयानीचा तोरा तिला पटला नाही. जीव बसला शर्मिष्ठेवर. राजाची लेक असून दासी झाली, लेकरू पोटाशी धरून रानोमाळ फिरली, पण पुरूला शहाणं केलं. "बाप्या वाया गेला तरी बाई शहाणी असली की लेकरू हाताला लागतं," ती म्हणायची. मी मान डोलवायचो. मला सुपारीचंही व्यसन नाही. हे आपल्याला कशाला लागू होतंय!

मग शुक्राचार्यांच्या शापानं राजा म्हातारा झाला. पुरूनं आपलं तारुण्य बापाला दिलं. तिथं तिचे हात थांबले.

त्याच उन्हाळ्यात पोरगं बारावी झालं होतं. मार्क चांगले होते, पुण्याला जायचं म्हणत होतं. पण बोअर आटलेली, सोसायटीचं कर्ज, माझे गुडघे गेलेले. "जायचं न्हाई," एवढंच मी बोललो होतो.

कारभारीण म्हणाली, "राजानं मागून तरी घेतलं. तुम्ही इचारलं बी न्हाई."

मी पुस्तक मिटलं. मलाही कुणी विचारलं नव्हतं, हे तोंडावर आलं होतं, गिळलं.

सकाळी गोठ्यात जाऊन पोराला विचारलं. शेणाची पाटी उचलत तो म्हणाला, "आता कशाला, आप्पा? तारीख गेली."

पुढच्या जूनला बैलजोडी विकून त्याला पुण्याला धाडलं. ययातीनं शेवटी पोराचं तारुण्य परत केलं. माझ्या पोराचं एक वर्ष मला देता आलं नाही.