देणे आणि दान

व्यापारी घराण्यात मुलगा प्रथम गादीवर बसतो, तेव्हा त्याला एक गोष्ट आवर्जून शिकवली जाते : देण्याचे खाते वेगळे आणि धर्मादायाचे खाते वेगळे. देणे चुकते केल्याने कोणी दानशूर ठरत नाही आणि कितीही दान केले तरी त्याने देणे फिटत नाही. हा भेद जपणाऱ्या पेढ्यांमध्येही एका प्रसंगी मात्र तो सहज पुसला जातो.

डाळमिलमध्ये काम करताना कामगाराचा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडतो. शेटजी स्वतः धावत रुग्णालयात जातात, बिल भरतात, त्याच्या घरी दोन महिन्यांचे धान्य पाठवतात. यात दिखावा नसतो, करुणाच असते. गावही म्हणते, ‘शेटजींनी फार केले.’ पण या ‘फार’मध्ये गेलेल्या अंगठ्याचा हिशेब कोठेच नसतो.

जखम दोन महिन्यांत भरते. न भरणारी गोष्ट वेगळीच असते. चाळिशीतल्या त्या माणसाला अजून वीस वर्षे पोते उचलायचे होते, यंत्र चालवायचे होते, मुलीचे शिक्षण पुरे करायचे होते. या साऱ्याचे भांडवल म्हणजे त्याचे दोन हात. व्यापाऱ्याचे दुकान जळाले तर त्याच्यापाशी पत उरते, नातलग उरतात, विमा उरतो. श्रमिकाची पेढी त्याच्या देहातच असते. ती उणी झाली की मागे काही शिल्लक राहत नाही.

कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. 1923 च्या भरपाई कायद्याने ‘कमाईच्या क्षमतेची हानी’ मोजण्याची रीत घालून दिली आणि पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती घेण्यात आली. त्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास हानी 30 टक्के धरली आहे. अपघाताच्या वेळी कामगाराचे वय 40 आणि मासिक वेतन 15,000 रुपये असेल, तर वेतनाच्या 60 टक्के म्हणजे 9,000 रुपयांना त्या वयासाठी ठरवलेल्या 184.17 या अंकाने गुणायचे. पूर्ण अपंगत्वाची रक्कम 16,57,530 रुपये होते. तिचे 30 टक्के म्हणजे 4,97,259 रुपये. रुग्णालयाचे बिल यातून वजा होत नाही. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर 12 टक्के व्याज लागते आणि सबळ कारणाविना विलंब केल्यास निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो.

परिशिष्टातील टक्केवारी हाही शेवटचा शब्द नव्हे. 1968 साली एका चित्रपटगृहात शोभेचे काम करताना एक सुतार खाली पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. एक हात शाबूत आहे, म्हणून हानी अंशतःच धरावी, असे मालकाचे म्हणणे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सुतार या नात्याने त्याची हानी संपूर्णच होय, असा निर्णय झाला. रस्ते अपघातातील भरपाईबाबत 2010 साली त्याच न्यायालयाने हेच तत्त्व अधिक स्पष्ट केले : तोच हात गमावलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, वाहनचालकाची नाही. देहाचे किती गेले, यापेक्षा त्या देहाने चालणारी उपजीविका किती गेली, हे पाहायचे.

श्रावकाला हा विचार परका वाटू नये. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत अवयवाचा छेद आहे, अतिभारारोपण आहे आणि अन्नपाननिरोधही आहे. आश्रित जीवावर पेलणार नाही असे ओझे लादणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे, या दोन्हींना आचार्यांनी हिंसेच्याच पंक्तीत बसवले. संरक्षक जाळी नसलेल्या यंत्रावर माणूस उभा करणे आणि त्याचा हात गेल्यावर पाच-दहा हजारांत बोळवण करणे, हे त्या पंक्तीपासून किती दूर आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख करणे आणि न्यासापहार म्हणजे ठेव बुडवणे, हेही आहेत. पगार 15,000 द्यायचा आणि वहीत 8,000 लिहायचा, हा कूटलेख तेव्हा निरुपद्रवी वाटतो. अपघातानंतर मात्र त्याच आकड्यावर एका घराची वीस वर्षे मोजली जातात. कधी कधी तर याहून दुःखद घडते : एक अंगठा यंत्रात गेलेला असतो आणि ‘माझी काही मागणी नाही’ अशा कागदावर दुसऱ्या अंगठ्याचा ठसा घेतला जातो. कायदा असा करार मुळी मानतच नाही. धर्म तरी तो कसा मानील?

हाच न्याय व्यापाऱ्याच्या स्वतःच्या घरालाही लागू पडतो. दुकानदार रस्ते अपघातात जायबंदी झाला, तर न्यायाधिकरणापुढे त्याच्या कमाईचा मुख्य पुरावा म्हणजे त्याच्या वह्या आणि विवरणपत्रे. वर्षानुवर्षे नफा कमी दाखवला असेल, तर संकटाच्या वेळी तीच वही त्याच्या मुलाबाळांच्या विरुद्ध साक्ष देते.

उपाय अवघड नाहीत. यंत्राच्या पट्ट्याला जाळी बसवावी, हजेरीपटावर खरे वेतन लिहावे, राज्य कामगार विमा योजना लागू असेल तेथे प्रत्येक कामगाराची नोंद करावी आणि लागू नसेल तेथे कामगार भरपाईचा विमा उतरवावा. रोजंदारीच्या माणसालाही त्यातून वगळू नये.

संवत्सरीला हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना मालक आणि नोकर हा भेद उरत नाही, अशी या धर्माची थोर रीत आहे. पण क्षमा मनातील शल्य काढते, वहीतील बाकी नाही. ज्याचा हात गेला त्याच्यापुढे हात जोडण्याआधी ती बाकी चुकती झालेली असावी. त्यानंतर जे द्यावेसे वाटेल, ते खुशाल दानाच्या खात्यावर लिहावे.