पहिल्या धारेची

आंधळगावात वाढलेल्या माणसाने काळ्या बिअरच्या आस्वादाविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आमच्या गावाची ओळख कोशाच्या कापडाची. धाग्यातली जाडी-बारकाई बोटांनी जोखावी आणि तिला दोष न समजता कापडाचा स्वभाव समजावे, हे आम्ही मागावर बसणाऱ्यांकडून शिकलो. जिभेचे शिक्षण मात्र आम्हांला डब्लिनमध्ये मिळाले.

तेथील टेम्पल बार भागात १९९६ साली सुरू झालेल्या ‘पोर्टरहाउस’मध्ये आम्ही आधी पोर्टर घेतली, मग स्टाउट. फार गार पिऊ नये, गारठ्याने जीभ बधिर होते. प्रथम वास घ्यावा: भाजलेल्या कॉफीचा. हा वास मोड न आणता काळे होईतो भाजलेल्या जवाचा. मग किंचित आंबटपणा आणि घोट उतरल्यावर मागे राहणारा कोरडा कडवटपणा. पोर्टर हे अठराव्या शतकातल्या लंडनमधले, हमालांच्या आवडीचे पेय. नावही त्यांच्यावरूनच पडले. त्यातल्या कडक प्रकाराला ‘स्टाउट पोर्टर’ म्हणत. पुढे नुसते ‘स्टाउट’ उरले. हमालांच्या पेयाला तेथे एवढे शब्द मिळाले.

आणि तेथेच आम्हांला मोह आठवला. चैत्रातल्या पहाटे झाडाखाली पडणारा सडा, अंगणात वाळणाऱ्या फुलांचा मनुकांसारखा वास. तो वास आमच्या नाकात लहानपणापासून होता. त्यासाठी शब्द मात्र एकच: ‘पहिल्या धारेची’. तोही चव सांगत नाही, जोर सांगतो. तोच शब्द आम्ही एखाद्या कवितेची थोरवी सांगताना खुशाल वापरतो! १९४९ च्या दारूबंदी कायद्याने विनापरवाना भट्टी हा गुन्हा. ती नाल्याकाठी, अंधारात, घाईने लागते. तेथे रसाची चर्चा कोण करणार? गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोहाच्या वाट्याला आमच्याकडे तुच्छताच आली, आणि तीत आम्हा शिकलेल्यांचा हात मोठा.

इथवर आमचा युक्तिवाद सरळ होता. तो घेऊनच आम्ही गावी गेलो. आमचे काका त्याच दारूत संपले. कोशाचे सूत काढून काकूने मिळवलेले पैसे वर्षानुवर्षे भट्टीवर गेले. तिला आम्ही त्या काळ्या पेल्याविषयी, त्याच्या फेसाविषयी, हमालांविषयी पुष्कळ सांगितले. तिने मांडीवरचे सूत न थांबवता ऐकून घेतले आणि विचारले, “अन् तेथल्या बायका काय म्हनतेत?”

हे तेथे कोणाला विचारावे, असे आम्हांला सुचलेही नव्हते. मोहाच्या चवीला शब्द मिळावेत, असे आम्हांला अजूनही वाटते. परंतु ते शब्द शोधायला बसलो की काकूचा प्रश्न आधी येतो, आणि तो बाजूला सारून पुढे लिहिणे आता आम्हांला जमत नाही.