एका चौकोनात तीन नावं

एसक्यूएल सर्व्हर 2005च्या दिवसांत रिपोर्ट लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडे नोटपॅडची एक फाईल असायची. नोकरी बदलली तरी ती पेनड्राइव्हवरून सोबत जायची. टीममध्ये नवीन पोरगं आलं की सिनियर तिच्यातला एक तुकडा त्याला काढून द्यायचे. त्यात 'स्टफ' आणि 'फॉर एक्सएमएल पाथ' हे दोन शब्द हमखास असायचे. "आधी चालवून बघ, मग बसून समजावतो," असं म्हणायचे आणि खरंच खुर्ची ओढून शेजारी बसायचे.

काम वरवर साधं असे. हॉस्पिटलच्या ड्यूटी चार्टचंच घ्या. टेबलात एका ओळीला एक तारीख, एक वॉर्ड आणि एका सिस्टरचं नाव. मेट्रनबाईंना मात्र भिंतीवर लावायचा तक्ता हवा: डावीकडे तारखा, वर वॉर्ड, आणि प्रत्येक चौकोनात त्या दिवशीच्या सगळ्या सिस्टरांची नावं. उद्या नवा वॉर्ड उघडला तर त्याचा कॉलम आपोआप यायला हवा. म्हणजे क्वेरीनेच क्वेरी लिहायची: डायनॅमिक पिव्होट.

खरी अडचण त्या चौकोनात होती. पिव्होटला प्रत्येक घरासाठी एकच किंमत लागते. आकडे असतील तर बेरीज करता येते, नावांची बेरीज कशी करणार? 'मॅक्स' लावला की वर्णानुक्रमाने शेवटचं नाव उरायचं. अलका, मंगल आणि सुनंदा एकाच पाळीला असल्या, तर तक्त्यावर एकटी सुनंदा दिसायची. क्वेरी कसलीही तक्रार न करता चालायची आणि दोन माणसं कागदावरून नाहीशी व्हायची.

2000च्या आवृत्तीत तर पिव्होटही नव्हतं. प्रत्येक वॉर्डासाठी एक 'केस' लिहायची, त्या सगळ्यांची एक लांबलचक स्ट्रिंग बांधायची आणि ती 'एक्झेक'ला द्यायची. व्हेरिएबलमध्ये 8000 अक्षरांपलीकडे काही मावत नसे, म्हणून स्ट्रिंगचे तीन-चार तुकडे करून ते 'एक्झेक'च्या कंसातच जोडायचे. नावं एकत्र करायला कर्सर फिरवायचा, नाहीतर वेगळं फंक्शन लिहायचं. महिन्याचा चार्ट निघेपर्यंत चहा होऊन जायचा.

2005ने पिव्होट दिलं, 'व्हारचार मॅक्स' दिलं, आणि एक्सएमएलची ती युक्तीही हाताला लागली. पाथ रिकामा ठेवला की टॅग गळून पडायचे आणि किंमती एकमेकींना चिकटून यायच्या. प्रत्येकीच्या आधी स्वल्पविराम, आणि सुरुवातीचा जादा स्वल्पविराम 'स्टफ'ने उडवायचा. एक्सएमएल हे या कामासाठी केलेलंच नव्हतं, म्हणून त्याचे संस्कार मधूनच डोकं वर काढायचे. 'स्त्री & प्रसूती' हा वॉर्ड छापताना '&'च्या जागी '&एएमपी;' उमटायचं. मग 'टाइप' आणि 'व्हॅल्यू' जोडून ते मूळपदावर आणायचं. ही दुरुस्तीही त्याच नोटपॅडच्या फाईलमध्ये जमा व्हायची.

शेजारी सुखात होते. मायएसक्यूएलवाल्यांकडे 4.1पासून 'ग्रुप कॉनकॅट' होतं. फक्त ते मुळात 1024 बाइट्सवर हात आखडायचं. ऑरॅकलला 11जीच्या दुसऱ्या रिलीजमध्ये 'लिस्टॲग' मिळालं, पोस्टग्रेसला 2010मध्ये 'स्ट्रिंग ॲग'. आम्हाला ते 2017च्या आवृत्तीपर्यंत थांबून मिळालं.

आज 'स्ट्रिंग ॲग'मध्ये नाव द्यायचं, स्वल्पविराम द्यायचा, 'विदिन ग्रुप'मध्ये क्रम सांगायचा, झालं. पहिल्यांदा वाचणाऱ्यालाही ओळ कळते. वॉर्डांच्या कॉलमची यादीही त्यानेच बांधता येते. याचा मला मनापासून आनंद आहे. जी युक्ती शेजारी बसून समजवावी लागत होती, तिची गरजच उरली नाही. नव्या पोरांचा तो वेळ वाचला, ही प्रगतीच.

काही गोष्टी मात्र जागच्या जागीच आहेत. आधी नावं जोडायची, मग पिव्होट करायचं, हा क्रम आजही चुकवून चालत नाही. वॉर्डाचं नाव 'कोटनेम'मधून गेलंच पाहिजे, नाहीतर नावात दडलेला मजकूर हुकूम म्हणून चालू शकतो. क्वेरीत थेट लिहिलेल्या मराठी नावाआधीचा 'एन' सुटला तर तक्त्यावर प्रश्नचिन्हांची रांग लागू शकते. आणि नावं 'एनव्हारचार मॅक्स' करून दिली नाहीत, तर 'स्ट्रिंग ॲग' 8000 बाइट्सवर अडून बसतं.

त्या काळातली एक सवय मात्र जाऊ नये असं वाटतं. बांधलेली क्वेरी चालवण्याआधी आम्ही ती 'प्रिंट' करून वाचायचो. स्ट्रिंग कुठे फुटेल याचा भरवसा नसायचा, म्हणून प्रत्येक कंस बोटाने मोजायचो, आणि त्या वाचनातच डेटा उमगायचा: एका पाळीला किती जणी, कोणाचं नाव दोनदा, कोणता वॉर्ड रिकामा. आता क्वेरी झटकन तयार होते, अनेकदा दुसरंच कोणी ती लिहून देतं, आणि न वाचता चालवली जाते. 'स्ट्रिंग ॲग' जरूर वापरा, जुनी युक्ती खुशाल विसरा. पण 'एक्झिक्यूट' दाबण्याआधी तयार झालेली क्वेरी एकदा छापून वाचा.