होडी घ्यावी नवी की जुनी?

वाचकहो, गावच्या तलावात मुलाबाळांना फिरवायला आपली एक होडी असावी, असे पुष्कळांना वाटते. त्या विचाराने मुंबईला आलात, तर अंधेरीला उतरून आधी वेसाव्याच्या कोळीवाड्यात जा. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि एरवी पाण्याखाली राहणारा तळ नीट पाहता येतो.

बैल घेताना आपण झूल पाहत नाही, दात आणि खूर पाहतो. जुन्या होडीचेही तसेच आहे. रंग ताजा असेल तर जास्तच निरखून पाहा. तळाच्या फळ्यांना दाभण टोचा. ते सहज आत गेले, तर लाकूड कुजले म्हणून समजा. फायबरची होडी बोटाने ठोकत जा. मध्येच बद्द आवाज आला, तर आतले थर सुटले असण्याचा संभव असतो. बरेच दिवस कोरड्यावर राहिलेली लाकडी होडी मात्र पाण्यात घातल्यावर आधी थोडी झिरपतेच. फळ्या फुगल्या की सांधे मिटतात.

परतताना पवईचा तलाव पाहा. १८९१ साली बांधलेल्या या तलावाचे पाणी संथ दिसते, पण त्यात मगरी आहेत. संथ पाण्यावर भरवसा ठेवू नये, हे तिथे कळते.

म्हणून तळ पक्का असेल तर जुनीच होडी घ्या आणि वाचलेल्या पैशांतून माणशी एक जीवरक्षक जाकीट घ्या. जाकिटांपुरते पैसे उरत नसतील, तर होडी पुढच्या सुगीवर ढकला.