बॉनेटवरचे टवके

आदिलाबादहून बेल्यावरून कोरपना-गडचांदूरला नेहमीचं जाणं-येणं असलं की गाडीचं तोंड शाबूत राहत नाही. पुढे सिमेंटचे ट्रक, त्यांच्या टायरखालून उडणारी गिट्टी. बॉनेटच्या कडेला बारीक बारीक टवके उडाले होते. पेंटर म्हणाला, "भाऊ, एकेक टवका कोण भरत बसेल? पूर्ण बॉनेट मारून घ्या." भाव ऐकला आणि काम घरीच करायचं ठरवलं.

गाडीवरचा सगळा रंग, प्राइमरपासून वरच्या क्लिअर कोटपर्यंत, जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग. टवक्याच्या तळाशी करडा प्राइमर दिसला तर घाई नाही. तांबूस ठिपका दिसला तर पावसाळ्याआधी उरकायचं. बंपर प्लास्टिकचा, तो गंजत नाही. त्याला हातच लावला नाही. रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर सापडला. नुसतं 'पांढरा' सांगून भागत नाही, पांढऱ्यातही भावंडं बरीच.

कापसाचा हंगाम ओसरू दिला, कारण जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेले तंतू ओल्या रंगावर हमखास बसतात. वेळ सकाळची, गाडी सावलीत. तापलेल्या पत्र्यावर थेंब पसरायच्या आत वाळतो.

गंज सुईने खरवडला, जागा स्पिरिटने पुसली, उघड्या पत्र्याला प्राइमर लावला. रंगाच्या बाटलीतला ब्रश या कामाला जाड पडतो, म्हणून दात कोरायची काडी घेतली. खड्ड्याच्या मधोमध थेंब टेकवला की तो आपणहून कडेपर्यंत सरकतो. वाळताना थिनर उडून जातं आणि थर खाली बसतो. म्हणून पुन्हा थेंब, पुन्हा वाट पाहणं, शेवटी क्लिअर कोट. निर्मलचे कारागीरही लाकडी खेळणं आधी चिंचोक्याच्या लांबीने भरून गुळगुळीत करतात, रंग त्यानंतर. क्रम तोच.

चांगलं वाळू दिल्यावर चिकटपट्टीला भोक पाडून ती टवक्याभोवती लावली, म्हणजे आजूबाजूचा रंग घासला जात नाही. खोडरबरावर दोन हजार नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून साबणाच्या पाण्यात फक्त वर आलेला उंचवटा घासला. मग पट्टी काढून रबिंग कंपाउंड.

पेंटरने तिरप्या उजेडात पाहून "दिसतंय" म्हटलं. दिसू दे. पावसाळा गेला तरी एकाही ठिपक्याला तांबूस कड आलेली नाही. काम त्यासाठीच केलं होतं.