पाच शतांश

गावसकरची 34 कसोटी शतकं मला क्रमानं पाठ. नांदूरघाटच्या पारावर क्रिकेटमधला शेवटचा शब्द माझाच! 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्याच बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं रौप्यपदक मिळवलं, आणि कुणीतरी विचारलं, "गुरुजी, स्टीपलचेस म्हणजे काय हो?"

मी नुसताच खोकलो.

घरी येऊन शोधलं. तीन हजार मीटर धावायचं. वाटेत 28 अडथळे, शिवाय पाण्यावरच्या 7 उड्या. सोनं हुकलं 0.05 सेकंदानं! ही म्हणाली, "दुष्काळी भागातला पोरगा, पाणी दिसूनही थांबला नाही, हेच नवल."

पेपरवाल्यांना नावं ठेवावीत, तर क्रिकेटची पानं चाटूनपुसून वाचणारा मीच.

दोन दिवसांनी सगळं पाठ करून पारावर गेलो. तिथं आशिया कपच्या संघावर रण पेटलं होतं. मीही उतरलो.